उतारावरचें ओझें : कल्याणच्या लोहमार्गावरील ब्रेकांची कहाणी

ओझें ओढण्याची विद्या जुनी आहे. ओढलेलें ओझें थोपवून धरण्याची विद्या त्या मानानें फार अलीकडची. घाट उतरून कल्याणकडे येणाऱ्या गाडीवानाला मात्र ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे. गाडी भरलेली असली कीं तो उतारावर खालीं उतरे, बैलांना चुचकारी, चाकाला दगडाची उटी लावी. गाडी रिकामी असली तर तोच उतार तो बसल्या जागेवरून सहज उतरे. ओझें किती आहे हें त्याला बैलांच्या मानेवरून कळे. लोखंडी रुळांवरून आगगाडी धांवूं लागली आणि हें ज्ञान नाहींसें झालें. ओढणारा पुढें, ओझें मागें, आणि दोहोंच्या मध्यें लोखंडी सांखळ्या. मागच्या डब्यांत गहूं आहे कीं पोकळ हवा, हें पुढच्या माणसाला कळावें कसें? ठाणें आणि कल्याण या दोन गांवांवरून जाणाऱ्या लोहमार्गाचा एक मोठा इतिहास या प्रश्नांत सांठलेला आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरावरून ठाण्यास पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित, तीन इंजिनें, आणि तोफांची सलामी. हें वर्णन आतां शाळेंतल्या मुलांनाही पाठ आहे. ती गाडी थांबली कशी, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. मुंबईपासून ठाण्यापर्यंतची एकवीस मैलांची जमीन बहुतेक सपाट. वाफ बंद केली आणि हातब्रेकाचें चाक फिरविलें कीं गाडी मुकाट्यानें थांबावी अशी ती वाट होती. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ठाण्याची खाडी ओलांडून गाडी कल्याणला पोंचली. तोंवरही कठीण असें कांहीं नव्हतें.

कठीण भाग कल्याणच्या पुढें होता. कल्याणला मार्ग दुभंगतो. एक फांटा कसाऱ्यावरून थळ घाटाकडे, दुसरा कर्जतवरून बोर घाटाकडे. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनीं आंखलेला बोर घाटाचा मार्ग १८६३ सालीं खुला झाला. पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. थळ घाट चढून इगतपुरीस जाणारा मार्ग १८६५ सालीं सुरू झाला. दोन्ही घाटांत सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक असा आहे. म्हणजे सदतीस फूट पुढें जावें तेव्हां एक फूट वर चढावें. डोंगरांतून पायीं हिंडणाऱ्याला हा चढ हंसण्यासारखा वाटेल. पण गुळगुळीत रुळावर, गुळगुळीत चाकावर, त्याचा हिशेब निराळा होतो. या उतारावर प्रत्येक टन ओझें सुमारें सत्तावीस किलोच्या जोरानें गाडीला खालीं खेंचतें. गाडी हजार टनांची असली तर ती खेंच सत्तावीस टनांची झाली. वाटेंतल्या घर्षणानें तींतला थोडा अंश कमी होतो. बाकी सगळी ब्रेकांनीं सोसावयाची.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. चढावर ओझें जास्त झालें तर इंजिन अडतें, चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात, गाडी पुढें सरत नाहीं. ओझें आपलें वजन आपण होऊन सांगतें. उतारावर तें मुकें होतें. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही सारख्याच सहजतेनें खालीं निघतात, आणि फरक कळतो तो थांबविण्याची वेळ आल्यावर. घाटाचा खरा धोका चढण्यांत नसून उतरण्यांत होता.

प्रारंभींच्या काळीं या धोक्याशीं झुंज द्यावयास माणसाचा हातच होता. गाडींत ठराविक अंतरावर ब्रेकाचे डबे जोडलेले असत व त्यांत ब्रेकवाले उभे राहत. चालकानें शिटी फुंकली कीं त्यांनीं चाक आंवळावें, दुसरी शिटी झाली कीं सैल करावें. पावसाळ्यांतल्या घाटांत, ढग अंगावरून जात असतांना, ती शिटी ऐकूं येणें हीच पहिली अडचण. किती आंवळावें, ही दुसरी. कमी आंवळलें तर गाडी हातची जाई. फार आंवळलें तर चाक फिरावयाचें थांबून रुळावरून नुसतें घसरूं लागे. आणि घसरणारें चाक फिरणाऱ्या चाकापेक्षां कमी रोध करतें, शिवाय एका जागीं झिजून चपटें होतें. सामान्य माणसाला वाटतें कीं ब्रेक जितका घट्ट तितका चांगला. तसें नाहीं. ब्रेक चाकावरच्या वजनाला जुळता असावा लागतो, आणि वजन तर दर डब्याला वेगळें.

अभियंत्यांना ही अनिश्चितता ठाऊक होती; म्हणूनच त्यांनीं डोंगरांतच सावधगिरीची व्यवस्था करून ठेवली. बोर घाटांत खंडाळ्याच्या अलीकडे एक उलट फिरण्याचें स्थानक होतें. गाडीनें तेथें डोंगराच्या कडेपर्यंत जावें, इंजिन एका टोंकाचें दुसऱ्या टोंकाला लावावें, आणि उलट्या तोंडानें पुढची वाट धरावी. खालीं उतरणाऱ्या गाडीच्या दृष्टीनें पाहिलें तर ही वाट कड्यापाशीं संपत असे. दुसरी व्यवस्था म्हणजे रेल्वेच्या भाषेंतली ‘कॅच सायडिंग’. मुख्य मार्गापासून एक रूळ फुटून डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि तेथेंच संपतो. सांधा नेहमीं या आंधळ्या रुळाकडेच वळवून ठेवलेला असतो. उतरणारी गाडी सांध्याअलीकडे पूर्ण थांबली, आपण आपल्या ताब्यांत आहों हें तिनें दाखविलें, म्हणजेच तिला खालचा रस्ता मोकळा होतो. जी थांबूं शकली नाहीं ती चढावर जाऊन आपला वेग गमावते. गाडीवर अविश्वास ठेवून सुरक्षितता साधण्याची ही युक्ति साधी असली तरी फार शहाणपणाची आहे.

१२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांतील आर्मा गांवाजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. पुढचे डबे सोडवून वर न्यावे म्हणून गाडीचे दोन भाग केले, आणि मागचा भाग उतारावरून मागें धांवत जाऊन दुसऱ्या गाडीवर आदळला. सुमारें ऐंशीं माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्या गाडीला ब्रेक होता, पण नळी सुटतांच निकामी होणारा. त्याच वर्षीं ब्रिटिश संसदेनें कायदा करून उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारा सलग ब्रेक सक्तीचा केला. हिंदुस्थानच्या रेल्वेनेंही पुढें निर्वात ब्रेकाची हीच पद्धत पत्करली. सर्व डब्यांखालून एक नळी जाते. इंजिन त्या नळींतली हवा शोषून घेतें. हवा नसेल तोंवर ब्रेक सुटलेले, हवा आंत शिरली कीं ब्रेक लागलेले. सांखळी तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तर नळीही तुटते, हवा आंत येते, आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.

पण या पद्धतीनें सगळ्या डब्यांना सारखाच हुकूम जाऊं लागला, आणि डबे तर सारखे नव्हते. मालाचा एक आधुनिक मोठा डबा रिकामा असतां साडेबावीस टनांच्या आसपास भरतो, आणि कोळशानें भरला कीं एक्याऐंशीं टनांवर जातो. म्हणजे सुमारें साडेतीन पट. रिकाम्याला पुरेसा ब्रेक भरल्याला अपुरा, आणि भरल्याला पुरेसा ब्रेक रिकाम्याचीं चाकें जाम करणारा. म्हणून मालडब्याच्या कुशीला एक दांडा बसविण्यांत आला. त्याच्या दोन जागा : ‘रिकामा’ आणि ‘भरलेला’. दांडा फिरविला कीं आंतल्या योजनेंत पालट होऊन ब्रेकाचा जोर बदलतो. यार्डांत दिवाबत्ती घेऊन गाडीच्या कडेनें चालत जाणाऱ्या मनुष्यानें हा दांडा योग्य जागीं आहे कीं नाहीं तें पहावयाचें. पन्नास डब्यांच्या गाडींत त्यानें दहा दांडे चुकीचे सोडले, तर त्याची किंमत कोठें तरी खालीं, उतारावर मोजावी लागावयाची. गाडीवानाला बैलांच्या मानेवरून जें कळत असे तें सांगण्याचें काम या दांड्याकडे आलें.

१९२९ सालीं मुंबईची वीज घाटांपर्यंत चढली, आणि त्याच सुमारास बोर घाटांतलें उलट फिरण्याचें स्थानकही इतिहासजमा झालें. डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्यें ठाकुर्ली येथें जी. आय. पी. रेल्वेनें स्वतःचें वीजघर उभारलें. घाटांतल्या मालगाड्यांसाठीं स्वित्झर्लंड आणि इंग्लंड येथून एकेचाळीस इंजिनें आलीं. लांब नाकाडाचीं, मध्यें सांध्यावर वळणारीं, बाजूच्या दांड्यांनीं चाकें फिरविणारीं. उभ्या उभ्या कण्हल्यासारखा आवाज करण्याच्या आणि विचित्र चालीच्या पायीं कामगारांनीं त्यांना ‘खेकडा’ हें नांव ठेविलें, आणि तें कागदोपत्रींच्या नांवापेक्षां जास्त टिकलें.

या खेकड्याचा गुण असा कीं उतरतांना तो आपल्या मोटारींनाच जनित्रें बनवीत असे. ज्या मोटारी चढावर वीज खात, त्याच उतारावर वीज निर्माण करून वरच्या तारेंत परत सोडीत, आणि चढून येणाऱ्या दुसऱ्या गाडीस ती उपयोगी पडे. गाडीचा वेग त्या विजेच्या निर्मितींत आवरला जाई. चालकाच्या हातीं दांड्याचे टप्पे असत. ओझें भारी असेल तर अधिक, हलकें असेल तर कमी. लांकडी ठोकळ्यापासून सुरू झालेला ब्रेक येथें प्रथमच विजेच्या मापानें मोजला जाऊं लागला. ठोकळे तापत नाहींत, झिजत नाहींत, हा फायदा तर मोठाच. उणीव एवढीच कीं हा रोध फक्त इंजिनाच्या चाकांवर पडतो. मागचें ओझें इंजिनाच्या पाठीवर रेलतें. म्हणून डब्यांचे ब्रेक सज्ज ठेवावेच लागत.

अमेरिकेंत मोटारीमागें जोडगाड्या ओढणाऱ्यांना हाच प्रश्न पडला. तेथें जोडगाडीच्या चाकांत विजेचे ब्रेक असतात, आणि चालकासमोरच्या लहानशा पेटीवरचा खटका फिरवून त्यांचा जोर ओझ्याप्रमाणें कमीजास्त करतां येतो. ओझें बदललें कीं माप पुन्हां लावावयाचें. रिकाम्या रस्त्यावर हळू वेगानें गाडी चालवून पहावयाचें, चाकें जाम होतील इतका जोर नको, आणि ओझें पुढच्या मोटारीला ढकलील इतका कमीही नको. आपल्याकडे शिळफाट्यावरून कल्याणच्या बाजूला वळणाऱ्या अवजड ट्रेलरांना दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात, पण हिशेब तोच.

रेल्वेंतही निर्वाताची जागा पुढें दाबलेल्या हवेनें घेतली. निर्वाताला वातावरणाच्या दाबाचीच मर्यादा होती. नव्या नळींत त्याच्या पांच पट दाब असतो. नव्या कांहीं मालडब्यांत ओझ्याचा अंदाज स्प्रिंगच्या दबण्यावरून आपोआप घेतला जातो आणि दांड्याची गरज उरत नाहीं. ठाकुर्लीचें वीजघर बंद पडलें. पंधराशें व्होल्टची जुनी वीज जाऊन मुंबईच्या सर्व मार्गांवर २०१६ पर्यंत पंचवीस हजार व्होल्टची आली. खेकडे संग्रहालयांत गेले. आजचीं इंजिनें उतारावर वीज परत करतात ती याच नव्या तारेंत.

तरीही गाडी सोडण्यापूर्वीं शेवटच्या डब्यांतला गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, आपल्याकडची झडप उघडतो आणि पुढचा चालक दाबमापकाचा कांटा खालीं येतो कीं नाहीं तें पाहतो. कांटा हलला, म्हणजे नळी गाडीच्या शेंपटापर्यंत सलग आहे. मग ब्रेकांच्या दाखल्यावर सह्या होतात. पुढें घाट उतरतांना कॅच सायडिंगच्या अलीकडे गाडी उभी राहते, खिडकीजवळचे उतारू विनाकारण खोळंबा झाला म्हणून कुरकुरतात, आणि थोड्या वेळानें सांधा खटकन् मुख्य रुळाकडे वळतो.