कोंकणच्या बंदरांतील सवलतीची जकात

नवी मुंबईस लागून, उरण तालुक्यांत न्हावा-शेवा येथें, २६ मे १९८९ रोजीं जें बंदर सुरू झालें त्याच्या जकातघरांत एक प्रश्न नित्य विचारला जातो : हा माल कोठला? जहाज कोणत्या बंदराहून आलें हें त्याच्या कागदांवरून समजतें. पण माल कोणत्या देशांत तयार झाला हें ठरल्याखेरीज त्यावर पुरी जकात घ्यावयाची कीं उणी, हें ठरत नाहीं. याचें कारण असें कीं, आशियांतील कांहीं विकसनशील देशांनीं ३१ जुलै १९७५ रोजीं बँकॉक येथें करार करून परस्परांच्या ठराविक मालावर कमी दरानें जकात घेण्याचें मान्य केलें. भारत, बांगलादेश, श्रीलंका, लाओस व दक्षिण कोरिया हे त्यांतील मूळचे देश होत. चीन २००१ सालीं त्यांत आला. २००५ सालीं करारास आशिया-पॅसिफिक व्यापार करार असें नांव मिळालें. पुढें मंगोलियाही दाखल झाला.

ही व्यवस्था विसाव्या शतकांतील मुत्सद्द्यांनीं नव्यानें काढिली, असा सामान्य समज आहे. आमच्या कोंकण किनाऱ्यापुरतें तरी तें खरें नाहीं. कोण कोठून आला हें पाहून कमी-अधिक जकात घेण्याची वहिवाट येथें निदान एक हजार वर्षांची असून तिला मितीचे अस्सल लेख आहेत. ते लेख अभ्यासकांस परिचितही आहेत. परंतु वंशावळी व दान दिलेले गांव यांकडे जितकें लक्ष गेलें तितकें त्यांतील जकातीच्या कलमांकडे गेलें नाहीं. सवलत कोणास चिकटलेली असे, जहाजास, त्याच्या धन्यास, कीं आंतील मालास, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत पहावयाचा आहे.

पहिला लेख दक्षिण कोंकणच्या शिलाहार रट्टराजाचा, शके ९३० (इ. स. १००८) चा खारेपाटण ताम्रपट. तो प्रथम बाळशास्त्री जांभेकर यांनीं उजेडांत आणिला व पुढें कीलहॉर्न यांनीं त्याचें शुद्ध वाचन प्रसिद्ध केलें. अव्वेश्वर देवाच्या पूजेअर्चेसाठीं व तेथील शैव तपस्व्यांच्या निर्वाहासाठीं राजानें गांवें दिलीं, आणि त्यांच्या जोडीला बंदराच्या उत्पन्नांतील कांहीं भाग तोडून दिला. बंदराचा दर आज आपणांस कळतो तो केवळ त्या धर्मादायामुळें. एरवीं जकातीचे आंकडे तांब्यावर कोण कोरवील? ताम्रपटांतील कलम असें कीं, द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक वहित्रामागें, म्हणजे जहाजामागें, सोन्याचा एक गद्याण घ्यावा. कंदलमूलीय म्हणून जीं वहित्रें म्हटलीं आहेत त्यांच्यामागें सोन्याचा एक धरण घ्यावा. मात्र यांतून चेमूल्य व चंद्रपूर हीं वगळावीं. धरण हें गद्याणाहून हलकें परिमाण. चेमूल्य म्हणजे आपलें चौल, व चंद्रपूर म्हणजे गोमंतकांतील चांदोर.

म्हणजे तीन पायऱ्या झाल्या. परदेशाहून येणारास पूर्ण दर, दुसऱ्या वर्गास उणा दर, आणि दोन नांवाजलेल्या बंदरांस माफी. न्हावा-शेव्याच्या दरपत्रकांत याहून कितीतरी अधिक ओळी असतील, पण सांगाडा हाच आहे.

माफी याच दोन बंदरांस कां, याचें उत्तर त्याच ताम्रपटाच्या वंशवर्णनांत सांपडतें असें आम्हांस वाटतें. रट्टराजाच्या एका पूर्वजानें चेमूल्य व चंद्रपूर येथील राजांस साहाय्य केल्याचें तेथें म्हटलें आहे. चौलची माफी त्या स्नेहसंबंधाची खूण मानण्यास हरकत नाहीं. चंद्रपुराची गोष्ट किंचित् निराळी दिसते. याच वंशांतील भीम राजानें राहूप्रमाणें चंद्रमंडल ग्रासिलें, असें वर्णन श्लेषानें आलेलें आहे. मित्राच्या बंदरास माफी हा एक प्रकार, आणि जिंकलेल्या किंवा दाबांत असलेल्या बंदरास आपलेंच समजून माफी हा दुसरा. ताम्रपटाच्या एका ओळींत दोन्ही शेजारीं बसलेलीं आहेत. व्यापारी सवलतीच्या कोणत्याही तहांत समानांची मैत्री किती व बळकटाचा वरचष्मा किती हें तपासून पहावें लागतें. हें ओझें रट्टराजाच्या काळींही चुकलेलें नव्हतें.

येथें एक अडचण उत्पन्न होते. माफी चेमूल्याच्या जहाजांस आहे. त्या जहाजांत काय भरलें आहे याचा ताम्रपटास विधिनिषेध नाहीं. मग परदेशचा माल चौलास उतरवून तेथील जहाजांत चढविला तर? त्या काळचें चौल पाहतां हा तर्क रिकामा नाहीं. अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ (इ. स. ९१६-१७) सालीं तेथें आला होता. चौलास तो सैमूर म्हणतो. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि त्यांची येथें जन्मलेली संतति मिळून सुमारें १०,००० मुसलमान तेथें राहत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यांच्यांतील तंटे तोडण्यासाठीं त्यांच्यापैकींच एक प्रमुख राजाच्या संमतीनें नेमलेला असे. राजा अर्थात् शिलाहार झंझ. अशा पेठेंतून निघणाऱ्या 'चेमूल्य वहित्रांत' सिराफेचा माल नसेल असें मानणें कठीण आहे.

हा मेळ केवळ चौलापुरता नव्हता. चिंचणी येथें सांपडलेल्या शके ८४८ (इ. स. ९२६) च्या ताम्रपटांत, राष्ट्रकूटांच्या वतीनें संयान, म्हणजे संजाण, मंडलाचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब, वंशाचा आहे. त्याचें नांव मधुमति. हें 'मुहम्मद' या नांवाचें संस्कृत रूप असावें, असें संशोधकांनीं दाखविलें आहे. त्यानें नदी उतरण्यासाठीं फुकट तर घातली व अन्नसत्र चालविलें. आणि त्याच्याच कारकीर्दींत एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून मठिकेस भूमिदान झालें. न्हाव्यासमोरच्या घारापुरी बेटावर आंतून डांबर फासलेल्या निमुळत्या रांजणांचीं खापरें मिळालीं आहेत. तसे रांजण इराकाकडून व इराणच्या आखातांतून येत. लेख, प्रवासवर्णन व खापर हीं तिन्ही एकाच दिशेस बोट दाखवितात.

दुसरा लेख उत्तर कोंकणच्या शिलाहारांचा, अनंतदेवाचा शके १०१६ (इ. स. १०९४) चा. हाही खारेपाटण येथेंच मिळाला व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं १८८० च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. येथें माफी बंदरास नसून माणसास आहे. भाभण श्रेष्ठी व त्याचा बंधु धणाम श्रेष्ठी यांचीं वाहनें स्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली आदिकरून कोंकण चौदाशेंतील बंदरांत येतां त्यांजकडून जकात घेऊं नये, अशी ही आज्ञा आहे. तेलंगांच्या भाषांतरांत वाहनें म्हणजे 'गाडे' असा अर्थ घेतलेला आहे. मागील-पुढील शब्द समुद्रतीरावरील बंदरांचीं नांवें असतां गाडे कां यावे, हें आम्हांस समजत नाहीं. जहाजें हाच अर्थ प्रशस्त वाटतो, व पुढील अभ्यासकांचाही कल तिकडेच आहे. स्थानक म्हणजे ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें. नागपूर म्हणजे नागोठणें कीं अलिबागेजवळचें नागांव, याविषयीं दोन मतें आहेत. तें कांहींही असो, दक्षिणेकडून खाडीनें ठाण्यास जाणारें भाभण श्रेष्ठीचें जहाज घारापुरी व आजच्या नवी मुंबईचा कांठ उजव्या हातास ठेवूनच गेलें असलें पाहिजे.

या माफीचा प्रसंगही लक्षांत घेण्याजोगा आहे. भाऊबंदकीच्या कलहांत कोंकण उद्ध्वस्त झालें होतें व तें पीडणाऱ्यांचा अनंतदेवानें उच्छेद केला, असें ताम्रपट सांगतो. उजाड झालेलीं बंदरें पुन्हा वसविण्यास मोठा सावकार हवा असतो. राजानें बंदराचें हातचें उत्पन्न सोडलें तें औदार्यानेंच सोडलें असें समजण्याचें कारण नाहीं. याच्या उलट उदाहरण याच खाडीच्या माथ्यावरचें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लसचा ग्रीक लेखक सांगतो कीं, कल्याण बंदर पूर्वीं खुलें होतें, पण सत्ता बदलल्यावर तेथें व्यापारास अटकाव झाला व चुकून आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचेस नेण्यांत येऊं लागलीं.

शिवकालांत येतां प्रश्नाचें स्वरूप पालटतें. छत्रपति शिवाजी महाराजांचें ७ डिसेंबर १६७१ चें, कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस लिहिलेलें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. बारदेश तेव्हां फिरंग्यांकडे. तेथील मीठ स्वस्त पडूं लागल्यामुळें उदमी तिकडे वळतील व संगमेश्वराकडील मिठाची विक्री बुडेल, सबब बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवून तें संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल असें करावें, असा पत्राचा आशय आहे. या पत्राकडे बहुधा स्वराज्याच्या अर्थनीतीचा दाखला म्हणून पाहतात, तें योग्यच. आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते : येथें जकात जहाजास पाहत नाहीं, धन्यासही पाहत नाहीं, ती मिठाचें आगर पाहते. उदमी स्वराज्यांतला असला तरी त्याच्या पाठीवरच्या गोणींतील मीठ बारदेशचें आहे एवढ्यानें दर चढतो. जें गोमंतक रट्टराजाच्या पटांत माफीदार होतें, त्याच्याच मिठावर ६६३ वर्षांनीं भर पडली. हा दैवाचा खेळ नव्हे, मधल्या काळांत तेथें कोण येऊन बसलें त्याचा परिणाम होय. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतही हा विवेक स्पष्ट आहे. सावकार हे राज्याची शोभा, त्यांस दिलासा द्यावा. पण टोपीकरांस समुद्रतीरीं जागा देऊं नये.

बँकॉकच्या करारानें जो मार्ग धरिला तो या तिसऱ्या पद्धतीचा आहे. सवलत मालास. मालाच्या किंमतींत कराराबाहेरील देशांच्या साहित्याचा भाग शेंकडा ५५ हून अधिक असतां कामा नये. अल्पविकसित देशांस ही मर्यादा शेंकडा ६५ पर्यंत सैल केलेली आहे. माल सरळ यावा; वाटेंत तिसऱ्या देशांत थांबला तरी तेथील बाजारांत शिरूं नये. चेमूल्याच्या वहित्रांत सिराफेचा माल घालण्याची जी वाट रट्टराजानें मोकळी ठेविली होती, ती या दोन कलमांनीं बंद केली. परंतु याची किंमत कागदांत मोजावी लागते. जहाज चौलाचें आहे हें बंदरावरचा तांडेल डोळ्यांनीं ओळखी. कापडांतील सूत कोणत्या देशाचें हें डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून उत्पत्तीचा दाखला आला, व सप्टेंबर १९२० नव्हे, अगदीं अलीकडे सप्टेंबर २०२० पासून, नुसता दाखला पुरे न मानतां मालाच्या उत्पत्तीची माहिती खुद्द आयात करणारानें बाळगावी असा नियम झाला. लहान व्यापाऱ्यास उण्या जकातीचा फायदा या कागदांच्या खर्चांत जिरून जाण्याची भीति असते. आणि ज्या देशांत दाखले देणारी यंत्रणा दुबळी, त्याचीच सवलत वायां जाण्याचा संभव अधिक.

त्या नियमांतील एक तपशील संग्राहकांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावा. हे कागद आयात करणारानें निदान पांच वर्षें जपावे, असें तो सांगतो. पुढें ते ठेवण्याचें बंधन नाहीं. रट्टराजाचें एक कलम हजार वर्षें टिकलें; न्हावा-शेव्यास उतरलेल्या कोरियाच्या किंवा श्रीलंकेच्या मालाचा इतिहास सहाव्या वर्षीं रद्दींत जाऊं शकतो. जुन्या कागदांचीही गति याहून बरी नाहीं. सिडको १९७० सालीं स्थापन झाल्यावर ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांची जमीन नव्या शहरासाठीं घेण्यांत आली, आणि बंदरासाठीं शेवा गांव मूळ जागेवरून उठलें. या कांठावर मिठागरें होतीं, भाताच्या होड्या होत्या. त्यांच्या धन्यांच्या घरीं नाक्याच्या पावत्या, नोराचे हिशेब, होडीचे कौल असण्याचा पुष्कळ संभव आहे.

अशा पावत्यांत रकमेखेरीज मालाच्या मुलखाचें नांव आहे कीं फक्त तांडेलाचें, एवढी एक गोष्ट नोंदवून घेतली तरी मिठाच्या पत्रांतील पद्धत कुडाळाबाहेर, उत्तर कोंकणांत, कोठवर पोंचली होती याचा निर्णय होऊं शकेल. उरण, पनवेल, पेण व बेलापूर येथील ज्या संग्राहकांजवळ अशीं बाडें असतील त्यांनीं मिती, नाक्याचें नांव व मालाचा रकाना यांची नक्कल करून ती मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद आपल्याजवळच ठेवावे.