ग्लायफोसेट

ग्लायफोसेट हे गवत, रुंद पानांची तणे व खुरटी झुडपे यांच्या नियंत्रणासाठी जगभर वापरले जाणारे बिननिवडक व आंतरप्रवाही तणनाशक आहे. ज्या हिरव्या भागावर ते पडते तेथून ते वनस्पतीच्या रसाबरोबर मुळांपर्यंत उतरते. त्यामुळे तोडल्यावर पुन्हा फुटणारी झुडपेही मरतात. पीक व तण असा भेद ते करीत नाही. ‘तुलनेने निर्विष’ आणि ‘मातीत लवकर नष्ट होणारे’ अशी त्याची ख्याती आहे. मात्र ही दोन्ही विधाने काही मर्यादेतच खरी आहेत.

इतिहास

हे संयुग १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आंरी मार्टिन यांनी प्रथम तयार केले. त्याचा तणनाशक गुण १९७० मध्ये मोन्सँटो कंपनीतील जॉन फ्रांझ यांच्या लक्षात आला व १९७४ मध्ये ते ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आले. १९९६ पासून तणनाशक-सहनशील जनुकपरिवर्तित पिकांची लागवड सुरू झाल्यावर त्याचा खप अनेक पटींनी वाढला.

कार्यपद्धती

वनस्पतींमध्ये काही आवश्यक ॲमिनो आम्ले ‘शिकिमेट मार्गा’ने तयार होतात. या मार्गातील एका विकराचे कार्य ग्लायफोसेट थांबवते. परिणामी एक-दोन आठवड्यांत पाने पिवळी पडून वनस्पती वाळते. मनुष्य व इतर प्राण्यांत हा मार्ग नसतो. अनेक जीवाणू व बुरशींमध्ये मात्र तो असतो.

विषारीपणा

शुद्ध ग्लायफोसेटची तीव्र विषारिता कमी आहे. उंदरांमध्ये तोंडावाटे दिल्यास त्याची मध्यम मारक मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ५,००० मिलिग्रॅमहून अधिक आढळते. परंतु बाजारातील द्रावणात पानावर औषध चिकटावे व आत शिरावे म्हणून पृष्ठसक्रियक पदार्थ मिसळलेले असतात. त्यांपैकी पॉलिऑक्सिएथिलीन अमाइन या गटातील पदार्थ ग्लायफोसेटपेक्षा अधिक विषारी असून मासे व बेडकांच्या पिल्लांना विशेष घातक ठरतात. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांत त्यांच्या वापरास मनाई केली.

फवारणी करणाऱ्यास डोळ्यांची व त्वचेची जळजळ होऊ शकते. संहत द्रावण पोटात गेल्यास उलट्या, अन्ननलिकेला इजा, रक्तदाब घटणे व मूत्रपिंड निकामी होणे असे गंभीर परिणाम होतात आणि मृत्यूही ओढवतो. यावर विशिष्ट उतारा नाही. उपचार लक्षणांनुसार करावे लागतात. ग्लायफोसेटच्या रेणूत फॉस्फरस असला तरी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांप्रमाणे ते मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेज विकर रोखत नाही. म्हणून त्या विषबाधेत उपयोगी पडणारे ॲट्रोपिन हा यावरचा उतारा नव्हे. रुग्णाबरोबर औषधाची बाटली किंवा तिचे वेष्टन रुग्णालयात नेणे यासाठीच महत्त्वाचे असते.

कर्करोगाविषयीचा वाद

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटचा समावेश ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या २-अ गटात केला. त्याच वर्षी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असा धोका संभवत नाही, असे मत दिले. पहिली संस्था एखाद्या पदार्थात कर्करोग घडविण्याची क्षमता आहे का, हे तपासते. नियामक संस्था प्रत्यक्ष संपर्काच्या प्रमाणात जोखीम किती, हे पाहतात. मतभेदाचे हे एक कारण आहे. कोणते अभ्यास ग्राह्य धरावेत, हे दुसरे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये या तणनाशकाच्या मान्यतेस दहा वर्षांची मुदतवाढ दिली.

पर्यावरणातील टिकाऊपणा

ग्लायफोसेट पाण्यात सहज विरघळते, तरीही मातीतील चिकणकण आणि लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटते. त्यामुळे ते सहसा खोल झिरपत नाही. मातीतील सूक्ष्मजीव त्याचे विघटन करतात. विघटनाचा वेग माती, तापमान व ओलावा यांवर ठरतो. शेतातील अर्धायुष्य काही दिवसांपासून सहा महिन्यांहून अधिक काळापर्यंत आढळले असून सर्वसाधारणतः ते ४७ दिवस धरले जाते. या हिशेबाने ९४ दिवसांनी मूळ मात्रेचा चौथा व १४१ दिवसांनी, म्हणजे जवळजवळ एका खरीप हंगामानंतर, आठवा हिस्सा उरतो. विघटनातून तयार होणारे अमिनोमिथाइलफॉस्फॉनिक आम्ल मूळ पदार्थापेक्षा अधिक काळ टिकते.

मातीला चिकटलेले औषध मातीबरोबर वाहूही शकते. जोरदार पावसाच्या प्रदेशात ही बाब महत्त्वाची ठरते. मुंबई उपनगरांत वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. बोरिवली ते मुलुंडदरम्यान पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात घाणेरीसारखी परकी झुडपे माजलेली आहेत; याच उद्यानातील तुळशी व विहार तलावांतून शहराला पिण्याचे पाणी मिळते. अशा पाणलोट क्षेत्रात झुडपे मुळासकट उपटणे श्रमाचे असले, तरी त्यात पाण्यात रसायन उतरण्याचा धोका राहत नाही.

भारतातील कायदा आणि महाराष्ट्र

भारतात तणनाशकांचे नियमन कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार होते. ग्लायफोसेटला मान्यता मिळाली ती प्रामुख्याने चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन यांसाठी. महाराष्ट्रात चहाची व्यापारी लागवड नाही. त्यामुळे राज्यातील कापसाच्या उभ्या पिकात होणारा त्याचा वापर या मान्यतेबाहेरचा ठरतो. निंदणीसाठी मजूर मिळेनासे होणे व मजुरीचा वाढता खर्च ही या वापरामागची कारणे होत. तणनाशक-सहनशील कापसाच्या बियाण्यास केंद्राची मान्यता नसतानाही ते विदर्भात पसरले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने त्याची जाहीर लागवड करून बंदीला आव्हान दिले.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेचा संबंध मुख्यतः कीटकनाशकांशी होता. ग्लायफोसेटशी तिची गल्लत करू नये. मात्र संरक्षक साधनांविना, उष्ण व दमट हवेत पाठीवर पंप घेऊन होणारी फवारणी दोन्हींत सारखीच असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. अशा व्यावसायिकांची ग्रामीण भागातील उपलब्धता आणि शेतकऱ्यांवर पडणारा वाढीव खर्च हे या निर्णयावरील प्रमुख आक्षेप होते.