पंच्याहत्तर रुपयांचं व्रत

१८९० साल संपत आलं असताना बाळ गंगाधर टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. राजीनामा कसला, लांबलचक कैफियतच ती. टिळक आणि आगरकर सामाजिक सुधारणांवरून फाटले, हे शाळकरी मुलालाही पाठ असतं. पण त्या कैफियतीतला बराचसा मजकूर पगार, भत्ते आणि बाहेरची कमाई यांच्याभोवती फिरतो. देशाच्या कामाला जन्म वाहिलेल्या माणसाने घर कशावर चालवायचं, असा तो रोकडा प्रश्न होता. पुण्याने त्यावर पुढे निरनिराळी उत्तरं काढून पाहिली.

सुरुवात झाली ती बेहिशेबीच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली आणि १८८०च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. टिळक सोबत होते, आगरकर एम. ए. आटोपून येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. दिवसा शिकवायचं, रात्री अग्रलेख आणि मुद्रितं. त्यात कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांचा खटला उभा राहिला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चिपळूणकर गेले. वयाची बत्तिशीही त्यांनी गाठली नव्हती. शाळा अवघी दोन वर्षांची आणि तिचा संस्थापक गेलेला.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीची रीतसर स्थापना झाली आणि १८८५च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. त्या वेळी एक नवीच चीज जन्माला आली : आजीव सेवक. त्याचा करार साधा होता. सेवकाने वीस वर्षं संस्थेला द्यायची. संस्थेने त्याला महिना ७५ रुपये द्यायचे आणि त्याचा आयुर्विमा उतरवायचा. मुदत भरली की तो मोकळा. पंच्याहत्तर रुपये म्हणजे उपासमार नव्हे, पण त्याच पदवीवर सरकारी खात्यात याच्या कितीतरी पट मिळत असे. विम्याच्या अटीकडे चरित्रकारांचं सहसा लक्ष जात नाही, ते त्यागावर पानंच्या पानं लिहितात. वास्तविक सगळ्या करारातलं शहाणं कलम तेच. आपल्यातला एखादा अकाली जाणार, हे चिपळूणकरांच्या मृत्यूने या तरुणांना विशीतच शिकवलं होतं.

बाकी कलमांवर मात्र भांडण जुंपलं. टिळकांचा आग्रह जेसुइट पाद्र्यांच्या नमुन्याचा होता. जो आजीव सेवक झाला त्याचा सगळा वेळ, सगळी बुद्धी संस्थेची. बाहेर काही कमावलं तर तेही संस्थेचं. आगरकरांचं म्हणणं असं, की प्रपंच वाढतो, दुखणी येतात, तेव्हा गरजेप्रमाणे थोडी वाढ द्यावी आणि फावल्या वेळात कोणी लिहून चार पैसे मिळवले तर त्याच्या मागे लागू नये. होळकर महाराजांकडून दोघांना मिळालेल्या ७०० रुपयांवरूनही वाजलं. संस्थेतले त्यांचे सहकारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तेव्हा टिळकांच्या दृष्टीने कडेलोट झाला.

तत्त्व म्हणून टिळकांची बाजू निखळ होती आणि व्यवहारात ती टिकण्यासारखी नव्हती, असं आज म्हणावंसं वाटतं. खुद्द टिळकांनी बाहेर पडल्यावर कायद्याचे वर्ग चालवले, लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागी घेतली, पुढे ‘केसरी’चा व्याप स्वतःकडे घेतला. त्यात गैर काहीच नव्हतं. गोखल्यांना त्यांच्या अंकगणिताच्या पाठ्यपुस्तकाच्या उत्पन्नाचा मोठा आधार झाला. देशसेवेत भिन्न टोकांना उभ्या राहिलेल्या या दोन माणसांच्या घरची चूल अशी बाहेरच्या कमाईवरही पेटत होती.

आगरकरांकडे असा आडोसा नव्हता. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने ते आधीच पोखरले गेले होते. १८९२ पासून फर्ग्युसनचं प्राचार्यपदही अंगावर होतं. वर्ग, प्राचार्यपद, साप्ताहिक आणि रात्रीचा खोकला हे सगळं एकाच वेळी. १७ जून १८९५ रोजी ते गेले तेव्हा वयाची ३९ वर्षंही पुरी झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा बोजा कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, ही गोष्ट महाराष्ट्रात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती ऐकताना अभिमानाआधी मनात यायला हवा तो संताप. दम्यावर त्या काळी धड औषध नव्हतं हे खरं, पण चार माणसांचं काम एकाने ओढायचं हे काही दम्याने ठरवलं नव्हतं.

याच्या उलट टोकाला त्याच कॉलेजचा दुसरा एक आजीव सेवक आहे. टिळक बाहेर पडल्याने गणित शिकवायला माणूस हवा होता. गोखल्यांनी मुंबईहून आपल्या ओळखीच्या धोंडो केशव कर्व्यांना बोलावलं. १८९१ मध्ये कर्वे पुण्यात आले आणि पुढच्या वर्षी आजीव सेवक झाले. ते १९६२ मध्ये वारले, वयाच्या १०५व्या वर्षी.

प्रकृतीची देणगी होतीच. पण कर्व्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर त्यात एक चेंगट म्हणावा असा संथपणा दिसतो. त्यांनी फर्ग्युसनची नोकरी तडकाफडकी सोडली नाही. १८९३ मध्ये गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला आणि त्यांच्या गावच्या, मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला. या सगळ्या काळात ते गणिताचे तास घेतच होते. कॉलेज सुटलं की संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामानसुमान घेऊन पायी हिंगण्याला निघायचं. चारेक मैलांचा तो रस्ता, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. रात्री झोपडीत मुक्काम आणि सकाळी पुन्हा पायी कॉलेजात. १९१४ पर्यंत, म्हणजे वीस वर्षांची मुदत उलटून गेल्यावरही, ते शिकवत राहिले आणि मग निवृत्त झाले. दोन वर्षांनी महिला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. सगळे पेन्शनीत जातात त्या वयात त्यांचं सर्वांत मोठं काम सुरू होत होतं, कारण आधीच्या वीस वर्षांत त्यांनी स्वतःला संपवलं नव्हतं.

शिवाय त्यांना काम सोडून देता येत असे. एक संस्था पायावर उभी राहिली की ती दुसऱ्यांच्या हाती देऊन ते पुढच्याकडे वळत. ती माणसं तयार व्हावीत म्हणूनच १९०८ मध्ये त्यांनी निष्काम कर्ममठ काढला होता. १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी मंडळ काढलं आणि ७८व्या वर्षी वर्गणीसाठी दारोदार फिरले. स्वभाव भिडस्त, वक्तृत्व यथातथाच. पण वर्गणीदाराने चार आणे दिले तरी त्याची नोंद चोख.

या टिकाऊपणाची दुसरी वही मात्र घरात होती आणि ती लिहिली गेली खूप उशिरा. गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे, यांचं ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये आलं. देवमाणसाच्या बायकोला संसार कसा ओढावा लागतो, पैसा आश्रमात जात असताना मुलांचं कसं भागवावं लागतं, हे त्यात कुठलाही टाळ न कुटता सांगितलेलं आहे. घराला हातभार म्हणून बायांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं. स्वतः आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले तर जेमतेम इंग्रजीच्या जोरावर १९१८ मध्ये अमेरिकेला जाऊन आल्या. पंच्याहत्तर रुपयांच्या करारावर या बायकांची सही नव्हती, हप्ते मात्र त्यांनीही भरले.

साताऱ्यात हेच चित्र अधिक गडद होतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. त्यापूर्वी ते किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडले होते, म्हणजे पोटाचा धंदा त्यांना ठाऊक होता. पण वसतिगृहातल्या मुलांच्या भाकरीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करत गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. आजीव सेवकांची पद्धत रयतमध्येही रुजली आणि नंतरच्या पिढीच्या बायकांवर दागिने मोडायची पाळी कमी आली असावी.

जोतीराव फुल्यांनी त्याआधीच वेगळी वाट काढली होती. शाळा आणि सत्यशोधक समाज एकीकडे, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी दुसरीकडे. खडकवासल्याच्या धरणाचं काम, कात्रजच्या बोगद्याचं काम त्यांच्याकडे होतं. चळवळ कोणाच्या वर्गणीवर अवलंबून नव्हती, त्यामुळे कोणाची भीडही नव्हती. पण ही वाट धडधाकट शरीराच्या भरवशावरची होती. १८८८ मध्ये पक्षाघाताने उजवी बाजू गेली, मिळकत आटली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांना डाव्या हाताने लिहावं लागलं. त्यांच्यामागे ना विमा होता, ना पेन्शन.

गोखल्यांनी या सगळ्यातून धडा घेतला होता, असं त्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाची रचना पाहताना वाटतं. १२ जून १९०५ रोजी फर्ग्युसनच्या टेकडीवर त्यांनी स्वतः शपथ घेतली आणि द्रविड, पटवर्धन व देवधर या तिघांना दिली. शपथा सात. त्यातली एक अशी की स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी समाज जी तजवीज करील तीत समाधान मानायचं आणि पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. १८९० सालचा वाद असा दोन्ही बाजूंनी मिटवला होता : कमाई बंद, पण कुटुंबाचा भार संस्थेवर. दुसऱ्या एका शपथेने आपापसांतली वैयक्तिक भांडणं वर्ज्य केली. ज्याने डेक्कन सोसायटीतली ती वर्षं पाहिली होती त्यालाच हे कलम सुचणार. आणि नव्या माणसाला एकदम कामाला जुंपायचं नाही. आधी पाच वर्षांची उमेदवारी : ग्रंथालयात अभ्यास, देशभर प्रवास, जुन्या सदस्याच्या हाताखाली शिकणं.

या पाच वर्षांची तरुण देशभक्तांनी चेष्टाही केली. पण तिथून निघालेली माणसं पाहावीत. ना. म. जोशी मुंबईच्या गिरणगावात गेले, १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगार चळवळीत जन्म काढला. ठक्कर बाप्पा मुंबई महापालिकेतली इंजिनिअरी सोडून १९१४ मध्ये आले तेव्हा चाळिशी उलटलेली होती. त्यानंतर भिल्लांत आणि हरिजनांत त्यांनी तीन तपांहून अधिक काम केलं. हृदयनाथ कुंझरू नव्वदी ओलांडेपर्यंत समाजात होते. यादी अर्थात टिकलेल्यांची आहे, मधेच सोडून गेलेल्यांची कोणी केलेली नाही.

गंमत म्हणा वा दैवदुर्विलास, नियम करणाऱ्याने स्वतःला त्यातून वगळलं. मधुमेह बळावत असताना गोखले कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक लढवत होते, १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले, त्याच वर्षी सार्वजनिक सेवा आयोगाचं काम अंगावर घेतलं आणि त्यासाठी विलायतेच्या खेपा केल्या. १९१५च्या सुरुवातीला गांधी पुण्यात आले तेव्हा त्यांच्यासाठी ठेवलेल्या मेळाव्यातच गोखल्यांना भोवळ आली. गांधींना त्यांनी सल्ला दिला होता तो वर्षभर देश हिंडून नुसतं पाहण्याचा. १९ फेब्रुवारीला गोखले गेले, वय ४८.

स्वातंत्र्यानंतर ‘आजीव सेवक’ हा शब्द शिक्षणसंस्थांपुरता उरला आणि चळवळीत ‘पूर्णवेळ कार्यकर्ता’ आला. त्याच्यामागे संस्था असेलच असं नाही. घरची शेती, बायकोची शिक्षिकेची नोकरी आणि मित्रांची पदरमोड यांवर त्याचं चाले. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो, असं गावात म्हटलं जाई. पुढे बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांनी यावर एक अस्सल मराठी तोड काढली : नाटक. अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’त नामवंत नट-नट्या उभ्या केल्या, गावोगाव प्रयोग लावले आणि गल्ला जमला त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना त्यातून दरमहा मानधन मिळू लागलं. लागूंसारखा नास्तिक आणि निळू फुल्यांसारखा सेवा दलातून आलेला नट एका विनोदी नाटकाच्या दौऱ्यावर निघतात आणि प्रेक्षक पोट धरून हसत असताना कुठल्याशा तालुक्यातल्या कार्यकर्त्याच्या किराण्याची सोय होते, ही कल्पना आगरकरांना आवडली असती. टिळकांनी हिशेब मागितला असता.

मानधनाची रक्कम मोठी कधीच नव्हती. विमा, उपचार, मुलांची शिक्षणं यांचे प्रश्न कार्यकर्त्यांच्या मेळाव्यांतून आजही निघतात. एका कलमाबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही. ते १८८४ मध्ये डेक्कन सोसायटीच्या तरुणांनी न मागता लिहून टाकलं होतं : वीस वर्षं झाली, की माणूस मोकळा.