जपानी युद्धकला, अभिजात

जपानमध्ये मेजी सत्तांतरापूर्वी (१८६८) उदयास आलेल्या आणि गुरुशिष्यपरंपरेने आजवर टिकून राहिलेल्या युद्धविद्या. जपानी भाषेत त्यांना ‘कोर्यू’ म्हणजे ‘जुना संप्रदाय’ असे म्हणतात. जूदो, केंडो, ऐकिदो व कराटे हे प्रकार जगभर अधिक परिचित असले, तरी ते त्यांच्या आजच्या रूपात अर्वाचीन असून अभिजात परंपरेहून वेगळे मानले जातात.

उगम व स्वरूप : पंधराव्या शतकापासून जपान अंतर्गत युद्धांनी ग्रासला होता. या काळात सामुराई योद्ध्यांचे स्वतंत्र संप्रदाय निर्माण झाले. त्यांपैकी ‘तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू’ हा अत्यंत जुना असून त्याचा प्रवर्तक ईझासा इएनाओ हा होय. तलवार, भाला, दंड, नागिनाता (लांब दांड्याचे वक्र पाते) यांबरोबरच तटबंदीची रचना व हेरगिरी हे विषयही त्यात शिकवले जात. तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६८) दीर्घ शांतता नांदली. तेव्हा रणांगणावरील उपयोग मागे पडून युद्धविद्येला मनोनिग्रहाचे व आचारधर्माचे रूप आले. यागीउ मुनेनोरी या तलवारबहाद्दराने झेन विचाराचा आधार घेऊन खड्गविद्येचे विवेचन केले, ते याच काळात.

या परंपरेत भारतीय विचाराचे दुवेही आढळतात. सरावाच्या जागेला असलेले ‘दोजो’ हे नाव मुळात संस्कृत ‘बोधिमंड’ या बौद्ध संज्ञेचा चिनी भाषेमार्गे आलेला पर्याय होय. सामुराईंनी उपासिलेली ‘मारिशितेन’ ही देवता म्हणजे बौद्ध तंत्रातील मारीची होय.

शिक्षणपद्धती : अध्यापनाचा गाभा ‘काता’ म्हणजे पूर्वनिश्चित हालचालींचा बंध हा असतो. तलवारीच्या बहुतेक संप्रदायांत तो दोघांनी लाकडी शस्त्रे घेऊन करावयाचा असतो. ज्येष्ठ साधक वार करणाऱ्याची, म्हणजे अखेर पराभव पत्करणाऱ्याची, भूमिका घेतो व कनिष्ठाला अंतर आणि वेळ यांची जाण देतो. यात गुण, सामने वा अजिंक्यपदे नसतात. प्रगतीची खूण म्हणून गुंडाळीवर लिहिलेली अनुज्ञापत्रे दिली जातात. संपूर्ण विद्या संपादन केल्यावर ‘मेन्क्यो काइदेन’ हे अंतिम अनुज्ञापत्र मिळते. ही विद्या ग्रंथावरून शिकता येत नाही. एका पिढीत योग्य शिष्य न मिळाल्यास संप्रदाय लुप्त होतो व असे अनेक लुप्त झाले आहेत.

स्थित्यंतर : १८७६ च्या राजाज्ञेने सामुराईंना तलवार बाळगून सार्वजनिक ठिकाणी वावरण्यास बंदी झाली आणि युद्धविद्यांचा सामाजिक आधार नाहीसा झाला. या पेचातून दोन मार्ग निघाले. पहिला सुधारणेचा. कानो जिगोरो यांनी तेन्जिन शिन्यो-र्यू व कितो-र्यू या जुन्या संप्रदायांच्या अभ्यासातून जूदोची मांडणी केली आणि १८८२ मध्ये तोक्यो येथे कोदोकान ही संस्था स्थापिली. घातक डाव वगळून व्यायाम, स्पर्धा आणि चारित्र्यशिक्षण यांवर त्यांनी भर दिला. १९११ मध्ये केंडो व जूदो यांना माध्यमिक शाळांत स्थान मिळाले. पुढे लष्करशाहीने त्यांचा उपयोग युद्धप्रचारासाठी केला, म्हणून १९४५ नंतर दोस्तांच्या ताबेकाळात शालेय युद्धविद्यांवर बंदी आली. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये जूदोचा समावेश झाला.

दुसरा मार्ग जतनाचा. काही घराण्यांनी मूळ बंध जसेच्या तसे राखले. कातोरी संप्रदायाला १९६० मध्ये चिबा प्रांताने सांस्कृतिक ठेव्याचे संरक्षण दिले. १९७९ मध्ये जुन्या संप्रदायांची ‘निहोन कोबुदो क्योकाइ’ ही संघटना उभी राहिली. अमेरिकन अभ्यासक डॉन ड्रॅगर (१९२२–८२) यांच्या लेखनामुळे ही परंपरा पाश्चात्त्यांना परिचित झाली.

आधुनिक जीवनातील स्थान : आजचा साधक योद्धा नसून नोकरदार, शिक्षक वा कारागीर असतो. स्वसंरक्षणासाठी तलवारीचा त्याला उपयोग नाही. संयम, एकाग्रता व जोडीदाराविषयीची जबाबदारी हीच या साधनेची आजची फलश्रुती मानली जाते. मात्र तिला गुरूचा दीर्घ सहवास आणि जोडीदाराचा नियमित वेळ लागतो. औद्योगिक वसाहतींत हीच खरी अडचण ठरते. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरसारख्या कारखान्यांच्या परिसरात जेथे पाळ्यांनुसार काम चालते, तेथे दोघांना रोज एकाच वेळी मोकळीक मिळणे कठीण. एकट्याने करावयाचे तलवार उपसण्याचे बंध (इआइ) घरी गिरवता येतात. परंतु समोरच्या वाराची जाण त्यांतून येत नाही.

भारत व महाराष्ट्र : रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिंझो यांनी १९२९ पासून शांतिनिकेतनात जूदो शिकवले. भारतात पुढे मुख्यतः जूदो व कराटे हे अर्वाचीन प्रकारच रुजले.

महाराष्ट्रातील शस्त्रविद्येचा इतिहास या संदर्भात तुलनेने उद्बोधक आहे. दांडपट्टा, बोथाटी, विटा, फरी-गदगा व लाठी यांचे शिक्षण तालमींतून दिले जाई. दारुगोळ्यापुढे या विद्येला मर्यादा होत्या, हे उत्तर कोकणच्या मोहिमेत दिसले. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेतला, त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर हे सरदार कामी आले. मे १७३९ मध्ये वसई पडली, ती तटाखालच्या सुरुंगांमुळे. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला. जपानमधील राजाज्ञा आणि हा कायदा यांत दोनच वर्षांचे अंतर आहे. परंतु तेथे स्वकीय सरकारने एका वर्गाचा विशेषाधिकार काढून घेतला, तर येथे परकीय सत्तेने प्रजेला निःशस्त्र केले. त्यामुळे जपानी शासनाने पुढे जशी या विद्यांना शाळेत जागा दिली, तशी येथील शस्त्रविद्येला मिळाली नाही. तिचा सांभाळ खाजगी संस्थांनी केला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) आणि बडोद्याहून १९३६ पासून प्रसिद्ध झालेला द. चिं. मुजुमदार यांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश ही त्याची ठळक उदाहरणे होत.

कोल्हापूर परिसरात मर्दानी खेळांची परंपरा आजही जिवंत आहे. तथापि मिरवणुकीतील प्रात्यक्षिकांत चापल्य दिसते, पण जोडीने करावयाचा वार-प्रतिवाराचा अभ्यास सहज मागे पडतो. ग्रंथात चित्रे व वर्णने राहतात, मिरवणुकीत आवेश राहतो. मात्र विद्येचा गाभा टिकतो तो शिक्षक व शिष्य यांच्या अखंड साखळीत. कोर्यू परंपरेच्या अभ्यासातून महाराष्ट्रातील तालमींना घेण्याजोगा बोध तो हाच.