पहिले प्रेम आणि पुस्तकावरचा खटला: अमेरिकी किशोर कादंबरीचा प्रवास (१९४२ ते १९९५)

१/ २९ नोव्हेंबर १९९५. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका फेडरल न्यायाधीशांनी निकाल दिला. सतरा वर्षांच्या एका मुलीच्या पहिल्या प्रेमाची कादंबरी शाळेच्या ग्रंथालयातून काढून टाकण्याचा अधिकार शालेय मंडळाला आहे का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. प्रेमकथेवरून प्रकरण न्यायालयापर्यंत का गेले? त्याची पाळेमुळे १९४२ पर्यंत जातात. 🧵

२/ त्या वर्षी 'सेव्हन्टीन्थ समर' ही कादंबरी प्रकाशित झाली. लेखिका मॉरीन डेली तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि बराचसा मजकूर त्यांनी महाविद्यालयात शिकत असताना लिहिला होता. 'यंग अ‍ॅडल्ट' असा स्वतंत्र साहित्यप्रकार तेव्हा अस्तित्वातच नव्हता. पुस्तक प्रौढांसाठी म्हणून निघाले; किशोरवयीन मुलींनी ते आपले मानले. या प्रकाराचा आरंभ अनेक अभ्यासक याच कादंबरीपासून धरतात.

३/ कथा साधी आहे. विस्कॉन्सिनमधील फॉन्ड द्यू लॅक या गावातली अँजी मॉरो बुजरी, घरात रमणारी मुलगी. बेकरीवाल्याचा मुलगा जॅक तिला शिडाच्या होडीतून फिरायला नेतो आणि तिचा उन्हाळा बदलून जातो. पण बदल केवळ आनंदाचा नाही. जॅक घरी जेवायला येतो, त्याचा चमचा दातांवर वाजतो आणि अँजीला त्याची लाज वाटते. पुढे त्या लाजेचीच तिला लाज वाटते. आपल्या घराच्या मनात दडलेला वर्गाभिमान तिला प्रथमच दिसतो, तो या प्रेमामुळे.

४/ उन्हाळा संपताना जॅक लग्नाचा विषय काढतो. अँजी मात्र आगगाडीत बसून शिकागोला महाविद्यालयात जाते. महायुद्ध पेटलेले असताना आलेल्या या पुस्तकात युद्धाची चाहूलही नाही; पण मुलीने लग्नाऐवजी शिक्षणाची वाट धरावी, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. प्रेम तिला जागे करते आणि ती जागी झालेली मुलगी पुढे निघते.

५/ पुढच्या दोन दशकांत वाचकवर्ग घडत गेला. १९४४ मध्ये 'सेव्हन्टीन' मासिक सुरू झाले. १९५७ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने तरुण वाचकांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' आली, तेव्हा लेखिका स्वतः अठरा वर्षांच्या होत्या. किशोरांच्या जगातली हिंसा, गरिबी, तुटलेली घरे छापील पानांवर येऊ लागली.

६/ प्रेमाच्या बाबतीत मात्र एक अलिखित नियम दिसू लागला: मर्यादा ओलांडली की शिक्षा. पॉल झिंडेल यांच्या १९६९ च्या 'माय डार्लिंग, माय हॅम्बर्गर' मध्ये लिझला दिवस जातात आणि गर्भपाताच्या भीषण अनुभवातून तिला जावे लागते. त्याच वर्षीच्या जॉन डोनोव्हन यांच्या कादंबरीत तेरा वर्षांचा डेव्ही आपल्या मित्राचे चुंबन घेतो. पुढे त्याचा लाडका कुत्रा मोटारीखाली सापडून मरतो आणि आपल्याच वागण्याची ही शिक्षा, असे डेव्हीला वाटू लागते.

७/ म्हणजे प्रेमाने पात्र बदलत होते, पण भयाने. वाचकाच्या हाती उरत होती ती ताकीद. हा नियम मोडायला एका मुलीचा प्रश्न कारण ठरला. ज्युडी ब्लूम यांच्या लेकीने आईकडे मागणी केली: दोन चांगली मुले प्रेमात पडतात, जवळ येतात आणि तरी कुणालाही मरावे लागत नाही, अशी एखादी गोष्ट लिही.

८/ ती गोष्ट म्हणजे १९७५ ची 'फॉरेव्हर'. काळही बदलला होता. गर्भनिरोधक गोळीला १९६० मध्ये मान्यता मिळाली होती; अविवाहितांना गर्भनिरोधके नाकारता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये दिला होता. कादंबरीची नायिका कॅथरीन स्वतः चिकित्सालयात जाते, डॉक्टरांना भेटते, विचारपूर्वक निर्णय घेते. तिची आई ग्रंथपाल आहे आणि ती लेकीशी या विषयावर मोकळेपणाने बोलते.

९/ मायकेलने दिलेल्या गळ्यातल्या साखळीवर 'सदैव' हा शब्द कोरलेला असतो. उन्हाळी शिबिरात कामाला गेलेल्या कॅथरीनला थिओ भेटतो आणि 'सदैव' संपते. तिला कुठलीही शिक्षा होत नाही. प्रेम खरे असूनही संपू शकते, हे तिला कळते आणि आपण मायकेलला दुखावले, याची जबाबदारी ती घेते. अनेक पालकांना आणि शालेय मंडळांना नेमके हेच पटले नाही. शाळांतून सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांत 'फॉरेव्हर' कायमची जाऊन बसली.

१०/ आता नॅन्सी गार्डन. त्यांच्या किशोरवयात मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीसाठी जवळजवळ पुस्तकेच नव्हती. रॅडक्लिफ हॉल यांची 'द वेल ऑफ लोनलीनेस' त्यांनी वाचली; तिचा शेवट दुःखाचा होता. दुःखान्त नसलेली गोष्ट आपण लिहू, हा त्यांचा निश्चय १९८२ मध्ये 'अ‍ॅनी ऑन माय माइंड' या रूपाने प्रत्यक्षात आला. समलैंगिकता हा मनोविकार मानण्याचे अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने थांबवून तेव्हा नऊच वर्षे झाली होती.

११/ लिझा विनथ्रॉप ही न्यूयॉर्कमधील खासगी शाळेची विद्यार्थी-प्रमुख, वास्तुविशारद होण्याचे स्वप्न पाहणारी. मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तिला गाणारी अ‍ॅनी भेटते. नाते उघड झाल्यावर लिझाची शाळेत चौकशी होते. ती आईवडिलांशी खोटे बोलते. एकत्र राहणाऱ्या दोन शिक्षिकांची नोकरी जाते. लिझा स्वतःला दोषी मानून अ‍ॅनीपासून दूर होते. शेवटी ती अ‍ॅनीला फोन करते. पुस्तकात दुःख आहे, पण त्याचे मूळ प्रेमात नसून लोकांच्या भीतीत आहे. लिझाला समजते ते एवढेच.

१२/ १९९३ मध्ये कॅन्सस सिटी परिसरातील शाळांना एका गटाने या पुस्तकाच्या प्रती भेट दिल्या. विरोध पेटला आणि एक प्रत जाहीरपणे जाळण्यात आली. जवळच्या ओलेथा शहरात तर वर्षानुवर्षे कपाटात असलेल्या जुन्या प्रतीही काढून घेण्यात आल्या. त्याविरुद्ध काही विद्यार्थी आणि त्यांचे पालक न्यायालयात गेले. लिझाच्या वयाची मुले लिझासाठी भांडत होती.

१३/ त्यांच्या हाती एक आधार होता, तोही १९८२ चाच. 'पिको' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या काही न्यायमूर्तींनी मत मांडले होते की, केवळ विचार आवडत नाहीत म्हणून शालेय ग्रंथालयातील पुस्तके हटवता येत नाहीत. मंडळाचा बचाव असा की, पुस्तक शिक्षणाच्या दृष्टीने अयोग्य आहे. न्यायाधीश थॉमस व्हॅन बेबर यांना तो पटला नाही. मंडळातील सदस्यांची विचारांविषयीची नापसंती हेच हटवण्याचे खरे कारण, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि राज्यघटनेचा भंग झाल्याचे सांगितले. पुस्तक कपाटात परतले. मंडळाने अपील केले नाही.

१४/ चारही टप्पे एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. या कादंबऱ्यांतली मुले प्रेमात पडतात, तोवर कुणाची फारशी हरकत नसते. त्या प्रेमातून त्यांना स्वतःचे मत मिळते आणि ते मत शिक्षा न होता टिकते, तिथून वाद सुरू होतो. डेव्हीच्या डोळ्यांदेखत कुत्रा मेला. कॅथरीनचे कुणी मेले नाही म्हणून पुस्तक अडचणीत आले. लिझाने शेवटी फोन उचलला म्हणून पुस्तक जाळले गेले.

१५/ २००३ मध्ये नॅन्सी गार्डन यांना तरुण वाचकांसाठीच्या लेखनाबद्दल मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार बाल्टिमोरमधील एका ग्रंथपालाच्या नावाने दिला जातो. किशोरांच्या हाती पुस्तके पोहोचवण्यात त्यांनी आयुष्य घालवले. वाद मात्र मिटलेला नाही. २०२४ मध्ये युटा राज्याने सर्व सरकारी शाळांतून तेरा पुस्तके हटवली. तेव्हा एकोणपन्नास वर्षे जुनी असलेली 'फॉरेव्हर' त्या यादीत होती.

#इतिहास #म