बाळगुटी, बाळगोळी आणि बाळंतिणीची रात्र

‘बाळगुटी’ आणि ‘बाळगोळी’ हे शब्द अर्थाने सख्खे होत. ‘गुटी’ हे संस्कृत ‘गुटिका’चे रूप, ‘गोळी’चाही अर्थ तोच. व्यवहारात मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड यांचे वेढे सहाणेवर उगाळून देतात ती बाळगुटी. मुंबईच्या गिरणगावात ‘बाळगोळी’ म्हटले की अफूची गोळी समजली जाई. हा अर्थभेद रात्रीच्या झोपेच्या प्रश्नातून समजून घ्यावा लागतो.

नवजात अर्भकाला पहिले काही आठवडे दिवस-रात्रीचा भेद नसतो. त्याला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे लागते, आणि दूध निर्माण करणारे संप्रेरक मातेच्या शरीरात रात्री अधिक स्रवते. म्हणजे रात्रीचे जागरण टाळता येत नाही. ते वाटून मात्र घेता येते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त उत्तरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सहाव्या रात्री बांधवांनी जागे राहावे असे सांगितले आहे. मराठी घरांतील सटवीच्या पूजेची रात्रही जागरणाचीच. विधीचा हेतू रक्षणाचा असला, तरी बाळाची रात्र एकट्या आईची नव्हे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे.

गिरणीने ही वाटणी मोडली. कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी १९२२ मध्ये नोंदविले की, या स्त्रियांच्या ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते. अफूने मूल निजते, पण भूकही निजते, श्वास मंदावतो. शांत दिसणारे मूल वस्तुतः उपाशी असते. याला केवळ मातेचे अज्ञान म्हणणे अपुरे होय. दिवसभर यंत्रावर आणि रात्रभर पाळण्यापाशी उभे राहणे तिला अशक्य होते. गोळीने तिला मजुरीचा दिवस मिळवून दिला.

उपाय म्हणूनच औषधांच्या नव्हे, तर वेळेच्या कायद्यांतून निघाले. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक ठरविले. १९६१ च्या कायद्यातील १२ आठवड्यांची रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली.

ही वाट कारखान्याच्या फाटकातून निघाली, हे विसरता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांना कापूस पुरविणाऱ्या प्रदेशांत वऱ्हाड अग्रगण्य होते. त्याच वऱ्हाडात, मेहकर आणि लोणार यांच्या दरम्यानच्या सुलतानपूरसारख्या गावी कापूस वेचणाऱ्या स्त्रीला ना हजेरीपट, ना भरपगारी रजा. तिची रात्र आजही सासू, आई, नणंद यांच्या आधारावरच निभते. तो आधार नसेल तेथे प्रश्न १९२२ चाच उरतो. बाळाला निजविण्याचा इतिहास हा अशा रीतीने आईच्या श्रमाचा इतिहास ठरतो.