खिशांतलें पिस्तूल आणि कायदा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटार हांकण्याचा परवाना एका संस्थानांत मिळाला, कीं तो इतर सर्व संस्थानांत चालतो. विवाहाचा दाखलाही सर्वत्र मान्य होतो. परंतु स्वसंरक्षणासाठीं अंगावर पिस्तूल झांकून बाळगण्याचा परवाना मात्र संस्थानाची सीमा ओलांडतांच निरुपयोगी ठरूं शकतो. एका संस्थानांत ज्या गोष्टीला परवानाही लागत नाहीं, तीच गोष्ट दुसऱ्या संस्थानांत माणसाला तुरुंगाची वाट दाखविते. हा गोंधळ आजकालचा नव्हे. दोनशें वर्षांहून अधिक काळ तो चालत आलेला आहे. त्याच्या मुळाशीं मात्र एकच प्रश्न आहे. मनुष्याला वाटणारी भीति खरी कीं खोटी, हें कोणीं ठरवावयाचें? त्यानें स्वतः, कीं सरकारनें?

ह्या वादाचें मूळ इंग्लंडांत सांपडतें. तिसऱ्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दींत, १३२८ सालीं, नॉर्थॅम्प्टन येथें झालेल्या कायद्यानें जत्रांत, बाजारांत व न्यायाधिकाऱ्यांसमोर सशस्त्र वावरण्यास बंदी घातली. पुढें १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानें प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आत्मरक्षणार्थ शस्त्रें बाळगण्यास मोकळीक दिली; पण तीही कायदा मुभा देईल तेवढ्यापुरतीच. बंदी आणि मोकळीक हीं दोन्ही सूत्रें वसाहतवाल्यांनीं समुद्रापार नेलीं. १७९१ सालीं अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती झाली व शस्त्रें बाळगण्याच्या लोकांच्या हक्कास बाध येऊं नये, असें तींत नमूद झालें. परंतु ही दुरुस्ती केवळ मध्यवर्ती सरकारला बांधते, संस्थानांना नव्हे, असें सुप्रीम कोर्टानें १८७६ सालीं सांगितलें, आणि तें मत २०१० पर्यंत टिकलें. त्यामुळें प्रत्येक संस्थानानें आपापल्या मतीप्रमाणें कायदे केले.

पहिलें पाऊल टाकलें तें केंटकी आणि लुइझियाना ह्या दोन संस्थानांनीं, १८१३ सालीं. केंटकीच्या कायद्यानुसार प्रवासांत नसतांना खिशांतलें पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा गुप्ती लपवून बाळगणाऱ्यास निदान शंभर डॉलर दंड होई. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कायद्याचा रोख शस्त्रावर नव्हता, तें लपविण्यावर होता. कमरेला उघड तलवार लटकविणारा मनुष्य आपला हेतु जगाला दाखवितो. काठींत पातें दडविणारा मनुष्य दगा करूं पाहतो, अशी त्या समाजाची समजूत होती. प्रवाशाला दिलेली सवलतही अर्थपूर्ण होती. निर्जन वाटेवर चोरांचें भय खरें, पण स्वतःच्या गांवांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत भय कसलें, असा तो विचार होता.

ह्या कायद्याची पहिली मोठी कसोटी एका गुप्तीवरूनच लागली. ब्लिस नांवाच्या इसमास गुप्ती बाळगल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला व त्यानें वरच्या कोर्टांत दाद मागितली. १८२२ सालीं केंटकीच्या अपील कोर्टानें त्याच्या बाजूनें निकाल देऊन तो कायदाच रद्द केला. संस्थानाच्या घटनेनें स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, तेव्हां शस्त्र कसें बाळगावें ह्यावर घातलेलें बंधन म्हणजे त्या हक्काचाच संकोच होय, असें कोर्टाचें म्हणणें होतें. परंतु लोकमत ह्या निकालाच्या पाठीशीं राहिलें नाहीं. १८५० च्या नव्या घटनेंत केंटकीनें स्पष्ट शब्द घातले, कीं छुपीं शस्त्रें बाळगण्यास कायदेमंडळ बंदी करूं शकेल.

इतर संस्थानांतील न्यायाधीशांनीं निराळा मार्ग धरला. इंडियानाच्या कोर्टानें १८३३ सालीं अवघ्या एका वाक्यांत बंदी वैध ठरविली. अलाबामाच्या कोर्टानें १८४० सालीं तोच निर्णय दिला. जॉर्जियाच्या कोर्टानें १८४६ सालीं सांगितलें, कीं लपविण्यावरील बंदी योग्य, परंतु उघडपणें शस्त्र बाळगण्यासही बंदी केली तर ती घटनेविरुद्ध होय. लुइझियानाच्या कोर्टानें १८५० सालीं त्यापुढें जाऊन उघड शस्त्राला मर्दपणाचें व छुप्या शस्त्राला भ्याड खुनाचें लक्षण ठरविलें. मॅसॅच्युसेट्सनें मात्र १८३६ सालीं ह्याहून वेगळी तोड काढली. सबळ कारणावांचून सशस्त्र फिरणाऱ्या माणसाविरुद्ध एखाद्या नागरिकानें धास्ती वाटत असल्याची फिर्याद केली, तर न्यायाधीश त्या माणसाकडून शांतता राखण्याबद्दल जामीन घेई. म्हणजे तेथें शस्त्र काढून घेतलें जात नसे, जबाबदारी मात्र लिहून घेतली जाई. जवळजवळ विस्मृतींत गेलेला हा कायदा पुढें फार मोठ्या वादांत उपयोगीं पडावयाचा होता.

चित्रपटांतून दिसणारा पश्चिमेकडील अमेरिकन मनुष्य सदैव कमरेला पिस्तूल लावून हिंडतो. वस्तुस्थिति तशी नव्हती. ॲरिझोनांतील टूमस्टोन गांवानें १८८१ सालीं गांवाच्या हद्दींत प्राणघातक शस्त्रें बाळगण्यास मनाई केली होती. त्याच वर्षीं २६ ऑक्टोबर रोजीं तेथें झालेला प्रसिद्ध गोळीबार हा ही मनाई मोडणाऱ्यांचीं शस्त्रें काढून घेण्याच्या प्रयत्नांतूनच उद्भवला.

आतां ह्या इतिहासाची काळी बाजू पाहिली पाहिजे. यादवी युद्ध संपलें, गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, आणि त्याच वर्षीं, म्हणजे १८६५ सालीं, मिसिसिपी संस्थानानें नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्यावांचून बंदूक बाळगण्यास बंदी केली. परवाना देणारे अर्थातच गोरे अधिकारी होते. ज्यांना खरोखरच भय होतें, त्यांच्याच हातून शस्त्र काढून घेण्यांत आलें. फ्लॉरिडानें १८९३ सालीं केलेला कायदा वरवर सर्वांना सारखा होता. पण १९४१ सालीं त्याच संस्थानाच्या सुप्रीम कोर्टांतील न्यायाधीश बुफर्ड यांनीं आपल्या निकालपत्रांत स्पष्ट कबूल केलें, कीं तो कायदा कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठीं होता व गोऱ्या लोकांना तो लावण्याचा हेतु कधींच नव्हता. हिंदुस्थानांतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें युरोपियनांना सूट देऊन एतद्देशीयांना परवान्यास बांधलें होतें. तो इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही रीति नवी वाटणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शहरें वाढलीं, स्वस्त पिस्तुलें सर्वत्र मिळूं लागलीं आणि परवान्याची पद्धति रूढ झाली. जानेवारी १९११ मध्यें डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स हे कादंबरीकार न्यूयॉर्क शहरांत भर दिवसा गोळी घालून मारले गेले. त्याच वर्षीं टिमोथी सुलिव्हन यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा न्यूयॉर्कनें केला व अंगावर लपवितां येण्याजोगें पिस्तूल परवान्यावांचून जवळ ठेवणें हा गुन्हा ठरविला. १९१३ च्या दुरुस्तीनें त्यांत ‘योग्य कारण’ दाखविण्याची अट आली. योग्य कारण कोणतें, हें अधिकारी ठरवी. अशीच पद्धति इतर अनेक संस्थानांतही आली.

अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोंपविलेल्या ह्या अधिकाराचा अर्थ काय, तें १९५६ सालीं अलाबामांतील मंटगमरी येथें दिसून आलें. ३० जानेवारी रोजीं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. पत्नी व तान्ही मुलगी घरांत होती. किंग यांनीं पिस्तुलाच्या परवान्यासाठीं अर्ज केला, आणि तो नामंजूर झाला. ज्याच्या ओसरीवर बॉम्ब फुटला, त्याची भीति जर योग्य कारण ठरत नसेल, तर दुसऱ्या कोणाची ठरावी? किंग यांनीं पुढें घरांतील शस्त्रें दूर करून अहिंसेचा मार्ग पत्करला, हा त्यांचा मोठेपणा; त्यामुळें कायद्यावरील दोष धुतला जात नाहीं.

१९८७ सालीं फ्लॉरिडानें वारें फिरविलें. अर्जदार एकवीस वर्षांचा असावा, गुन्हेगार नसावा, त्यानें बोटांचे ठसे द्यावे, शस्त्र चालविण्याचें शिक्षण घेतल्याचा दाखला आणावा. एवढें झालें म्हणजे परवाना दिलाच पाहिजे, कारण विचारूं नये, असा तो कायदा होता. टेक्ससमध्यें ह्या चळवळीला एका भीषण घटनेनें जोर दिला. १६ ऑक्टोबर १९९१ रोजीं किलीन गांवच्या एका उपहारगृहांत एका माथेफिरूनें तेवीस माणसें मारलीं. सुझाना हप यांचे आईवडील तेथें डोळ्यांदेखत गेले. कायद्याला भिऊन त्यांनीं आपलें पिस्तूल मोटारींत ठेवलें होतें. त्यांच्या साक्षी देशभर गाजल्या व १९९५ सालीं टेक्ससनेंही परवाना खुला केला. व्हर्माँटला तर परवाना असा कधीं ठाऊकच नव्हता. अलास्कानें २००३ सालीं, ॲरिझोनानें २०१० सालीं परवान्याची अट काढली, आणि २०२४ अखेर पन्नासांपैकीं एकोणतीस संस्थानांत परवान्यावांचून पिस्तूल झांकून बाळगण्याची मुभा झाली होती.

एकोणिसाव्या शतकांतील समजूत येथें पार उलटली. तेव्हां लपविलेलें शस्त्र हें दग्याचें चिन्ह होतें. आतां बाजारांत उघडें पिस्तूल दिसलें तर लोक घाबरतात आणि झांकलेलें असलें तर तो सभ्यपणा समजला जातो.

ह्या कायद्यांनीं गुन्हे घटले कीं वाढले? जॉन लॉट व डेव्हिड मस्टार्ड यांनीं १९९७ सालीं ते घटल्याचें प्रतिपादन केलें. २००४ सालीं राष्ट्रीय संशोधन मंडळाच्या समितीनें सर्व पुरावा तपासून, त्यावरून कोणताच निश्चित निष्कर्ष निघत नाहीं, असें सांगितलें. पुढें २०१९ सालीं जॉन डॉनोह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिंसक गुन्हे वाढल्याचा निष्कर्ष मांडला. दोन्ही पक्ष आंकडे घेऊन भांडतात, पण मतें बहुधा आंकड्यांच्या आधींच ठरलेलीं असतात.

अखेर वाद सुप्रीम कोर्टांत पोंचला. घरांत पिस्तूल बाळगणें हा व्यक्तीचा हक्क आहे, असें कोर्टानें २००८ सालीं ठरविलें व २०१० सालीं तो संस्थानांनाही बंधनकारक केला. २३ जून २०२२ रोजीं सहा विरुद्ध तीन मतांनीं कोर्टानें न्यूयॉर्कची ‘योग्य कारणा’ची अट रद्द केली. ह्यापुढें प्रत्येक बंधनाला देशाच्या जुन्या परंपरेचा आधार दाखविला पाहिजे, असा दंडक पडला. न्यूयॉर्कनें लगोलग नवा कायदा करून टाइम्स स्क्वेअरसारखीं ठिकाणें शस्त्रांना वर्ज्य ठरविलीं. २०२४ सालीं, घरच्या माणसांना धोका असल्याचें न्यायाधीशानें ठरविलेल्या इसमाचें शस्त्र काढून घेतां येतें काय, असा प्रश्न आला. कोर्टानें आठ विरुद्ध एक मतांनीं होय म्हटलें, आणि परंपरेचा आधार म्हणून पुढें केले ते मॅसॅच्युसेट्समधल्यासारखे जुने जामिनाचे कायदे!

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर काय मिळालें? पूर्वी अधिकारी अर्जदाराची भीति आधीं तोलून पाही. त्यांत पक्षपाताला वाव होता, आणि दुर्बळ मनुष्यच त्यांत चिरडला गेला. आतां बहुतेक ठिकाणीं ती तोलण्याचें काम ज्याच्या त्याच्याकडे गेलें आहे. पण त्यामुळें न्यायनिवाडा टळलेला नाहीं, केवळ लांबणीवर पडला आहे. परवाना शस्त्र बाळगूं देतो. तें चालविण्याची मुभा देत नाहीं. जीव वांचविण्यासाठीं गोळी झाडली असें म्हणणाऱ्यावर खटला भरला गेला, म्हणजे त्याची भीति रास्त होती काय हें ज्यूरीचीं माणसें ठरवितात. अधिकारी अर्ज नाकारी, तेव्हां अर्जदार निदान पुन्हां अर्ज करूं शके. ज्यूरीपुढें प्रश्न येतो तेव्हां एक मनुष्य मेलेला असतो, आणि तो निकाल ऐकावयास परत येत नाहीं.